परड्याची वई

कुंपण हा शब्द मला शाळेनं दिला. घरात होती ती वई, आणि म्हातारी माणसं तिलाही ‘वय’ म्हणायची. ‘वय घालायची हाय’, ‘म्हशीनं वय मोडलान’. पाचवीला मुंबईच्या शाळेत गेलो तेव्हा ‘माझे गाव’ या निबंधात मी लिहिलं, ‘आमच्या आजोबांची वय दर वर्षी नवी करतात.’ मास्तरांनी ते वाक्य वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. वर्ग खो खो हसला. मला बराच वेळ कळेना, की यात हसण्यासारखं काय आहे. पुढे कितीतरी वर्षांनी कोश चाळताना सापडलं, की संस्कृतातल्या ‘वृति’ची झिजत झिजत वई झालेली आहे. म्हणजे शब्द माझाच जुना होता. पण मास्तर तोवर राहिले नव्हते.

नोकरी संपवून गावी, लांजा तालुक्यातल्या घरी, येऊन राहिलो त्याला आता काही वर्षं झाली. मागल्या पावसात आमच्या परड्याची वरच्या अंगाची वई पार झोपली. आमचं परडं आणि वरच्या घराचं परडं यांच्यामधली ही वई. वरचं घर म्हणजे आमच्याच भावकीचं, आजोबांच्या धाकट्या भावाचं. त्या घराला बारा महिन्यांतले दहा कुलूप असतं. वई पडली तशी वाडीतली उनाड गुरं सरळ अळवात आणि वालीत. वाडीतल्या चौघांनी चार सल्ले दिले, सगळे एकच: आता चिऱ्याचा गडगा घाल, नाहीतर सिमेंटचे खांब आणून तार ओढ, वई कोण घालतो आता? खरं आहे. वाडीत फिरलं तर काठ्यांची वई दोनच घरांना दिसते, आणि त्यातलं एक माझं. पण गडग्याला चिरा विकत आणायचा, गवंडी शोधायचा. काठ्यांचं बेट परड्यात उभं आहे. शिवाय आयुष्यभर टेबलावर बसलेल्या माणसाला हातानं काहीतरी उभं करायची हौस असतेच, ती लपवत नाही.

आमच्याकडे काठ्यांच्या जाती तीन. कळक जाडा, पोकळ आणि काटेरी. त्याच्या काटेरी फांद्या वईच्या बुडाशी खुपसल्या की कुत्रंसुद्धा नाक घालत नाही. चिवा बारीक, सरळ, उभ्या काठीला उत्तम. आणि माणगा, बिनकाट्याचा, आतून जवळजवळ भरीव. आमच्या परड्यात बेट आहे ते माणग्याचं. चिवा जंगलकडेला, एका शेतकऱ्याच्या बांधावरून विकत घेतला.

बांबू गवतातला. पावसात कोंब वर येतो आणि दोन-तीन महिन्यांत जेवढा उंच व्हायचा तेवढा होऊन घेतो. त्यानंतर तो वाढत नाही, नुसता टणक होत जातो. म्हणून तीन पावसाळे पाहिलेली काठी तोडायची. पहिल्या वर्षाची काठी हिरवीगार, पेरांना टरफलं चिकटलेली, अंगावर पांढरी भुकटी. जुनी काठी फिक्कट, डागाळलेली. कोयतीच्या मुठीनं ठोकली की टणत्कार येतो. तोडताना जमिनीलगतच्या पेराच्या जरा वर घाव घालायचा, म्हणजे खुंटात वाटी होऊन पाणी साचत नाही. आणि मधलं आधी तोडायचं, कडेचं राखायचं, कारण नवे कोंब कडेला येतात. हे मधलं आधी तोडणं म्हणायला सोपं. बेट दाटलेलं असलं की मधली काठी तळाशी सुटते आणि वर अडकून राहते. दोन माणसं झोंबली तरी येत नाही. आमचा पहिला दिवस त्यातच गेला. संध्याकाळी जमल्या काठ्या मोजल्या तर सहा.

तोड अवसेच्या पंधरवड्यात करायची, चांदण्यात तोडलेल्या काठीला घूण लागतो, असं आजोबा सांगत. चंद्राचा भाग मी श्रद्धेवर सोडतो. पण पौष-माघ हा मोसम त्यांनी बरोबर धरला होता. काठीतला गोडवा, म्हणजे पिठूळ अंश, तेव्हा कमी असतो, आणि किडा येतो तो त्या पिठासाठीच. तोडलेल्या काठ्या पऱ्यात दगडाखाली पंधरा दिवस दाबून ठेवायच्या त्यामागेही तेच. आठवड्यात पाण्याला असा वास सुटतो की पाणवठ्यावर येणारा प्रत्येक जण आपल्या कुळाचा उद्धार करतो.

मेढे किंजळीचे, पंधरा. माणगा वीस, तीन आडव्या ओळींसाठी. चिवा पावणेदोनशे, एक आडव्याच्या आतून, दुसरी बाहेरून, मध्ये चार बोटांची फट. बांधायला पूर्वी केवणीची साल असे. ओली बांधायची, वाळली की आवळते. आता केवण सोलणारा माणूसच नाही, मी गॅल्वनाइज्ड तार आणली. आजोबांनी पाहिली असती तर म्हणाले असते, काठी कुजेल, तार राहील, आणि पुढल्या वर्षी गुराच्या पायात जाईल. बरोबरच म्हणाले असते.

आजोबांचा जन्म खोताच्या गावातला. नव्या वाचकाला खोती समजावून सांगावी लागते, कारण आता खोत हे फक्त आडनाव उरलं आहे. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांत कितीतरी गावं खोतीची होती. सरकारचा सारा खोत भरायचा, आणि गावाकडून वसूल करायचा तो त्याच्या हिशेबानं. भाताच्या जमिनीला अर्धल, म्हणजे निम्मं भात खोताच्या अंगणात. १८८० साली खोतीचा कायदा झाला, कोणाचा काय हक्क ते लिहिलं गेलं. पण लिहिलेलं वाचता येणारा गावात खोतच. त्याखेरीज वेठ. आठ दिवसांतला एक दिवस खोताच्या कामाला, त्याला आठवेठ म्हणत. कायद्यानं तिचं काय झालं असेल ते असो, आमच्या घरात आजोबांच्या तरुणपणापर्यंत ती वेगळ्या नावानं चालू होती. ‘वाड्यावर वय घालायला जायचा’ असं ते म्हणत. आधी खोताच्या आगराची वई, मग खोताच्या भाजीमळ्याची, मग उरलेल्या काठ्यांत आपली. काठ्याही आपण तोडून न्यायच्या.

त्यामुळे आमची वई नेहमी उशिरा आणि नेहमी तोकडी. आणि तोकड्या वईतून गुरं पलीकडे गेली की कोंडवाडा. गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा १८७१ चा. जनावर दुसऱ्याच्या पिकात सापडलं की कोंडवाड्यात, आणि दंड व खाण्याचा खर्च भरल्याशिवाय सुटका नाही. खोताची गुरं आमच्यात आली तर मात्र वई नीट नव्हती, चूक आमची. आजोबा हे सांगताना चिडत नसत. पावसाबद्दल बोलावं तसं बोलत. मला वाटतं, वई कशी घालावी हे त्यांना जेवढं येत होतं तेवढंच वई कोणाची आहे यानं काय फरक पडतो हेही ते त्या वाड्यावरच शिकले.

त्यांचा धाकटा भाऊ, वरच्या घराचा मूळ पुरुष, मुंबईला गिरणीत होता. मी त्यांना पाहिल्याचं मला आठवत नाही. त्यांच्याबद्दल घरात दोन गोष्टी सांगत. एक ही, की १९३८ च्या जानेवारीत कोकणातले शेतकरी खोती मोडा म्हणत मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेले त्या मोर्चात ते होते. अलिबागेजवळच्या चरी गावच्या कुळांनी १९३३ पासून खोताची जमीन कसायचीच नाही असा संप धरला होता. तो सहा वर्षं चालला. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी. डॉ. आंबेडकरांनी १९३७ च्या सप्टेंबरात खोती रद्द करण्याचं विधेयक विधिमंडळात मांडलं होतं, त्यासाठी हा मोर्चा. धाकटे आजोबा सुट्टीत गावी आले की हे सांगत आणि थोरले, म्हणजे माझे आजोबा, म्हणत, ‘हळू बोल, वाडा जवळ हाय.’

दुसरी गोष्ट माणग्याची. गावी आले असताना ते कुठून तरी माणग्याचा कंद घेऊन आले आणि दोन्ही परड्यांच्या मधल्या वईलगत लावला. खोताच्या बेटातली काठी मागायला नको, एवढा त्यात हेतू. बेट धरलं. ते मात्र ५८ च्या सुमारास मुंबईतच वारले. मागे बायको आणि एक लहान मुलगा. तिला आम्ही मुलं वरची आजी म्हणायचो.

तोवर वाडा बराच निवळला होता. खोती रद्द करण्याचा कायदा १९४९ चा. आणि कूळकायद्यानं १ एप्रिल १९५७ रोजी कसणारं कूळ त्या जमिनीचं मालक मानलं गेलं. मानलं गेलं म्हणजे कागद हातात आला असं नव्हे. पुढे वर्षानुवर्षं ‘बत्तीस ग’ चाललं. कूळ कोण, कसतो किती, किंमत काय, हे ठरवायचं. किंमत भरली की दाखला. आमच्या वाडीत दोन-दोन, तीन-तीन कुळं एकाच सर्व्हे नंबरात होती, कारण खोताच्या वहीत बापाचं नाव आणि जमिनीवर मुलगे. अशा ठिकाणी कागदावर पाहायला काही नसे. साहेब जागेवर येत आणि विचारत, वहिवाट कुठपर्यंत? आणि कूळ हात करून दाखवी: त्या वईपर्यंत. ज्या माणसांना सही येत नव्हती त्यांनी जमिनीवर जे काय लिहिलं होतं ते एवढंच. काठ्यांनी लिहिलेलं.

आमच्याकडे साहेब यायचे होते ते १९६२ च्या उन्हाळ्यात. मी आठ वर्षांचा होतो. आदल्या रात्रीचं मला स्वच्छ आठवतं, कारण एवढ्या उशिरापर्यंत जागं राहायला मिळालेली ती माझी पहिली रात्र. म्हशीनं वई मोडली होती. उद्या साहेब यायचे तर परडं नीट दिसायला हवं, म्हणून आजोबा आणि माझे वडील रात्रीच वई घालायला बसले आणि मला कंदील धरायला घेतलं. ‘खाली धर, डोल्यावर नको,’ असं आजोबा दोनदा म्हणाले. मी केवणीच्या ओल्या साली एकेक करून पुढे करत होतो. वडील त्या रात्री एकही शब्द बोलले नाहीत हेही आठवतं, पण वडील एरवीही कमीच बोलत. काम झाल्यावर आजोबांनी सुका पातेरा आणून जमिनीवर पसरला. मी विचारलं, हा कशाला? ते म्हणाले, ‘चिकल व्हतोय.’ वैशाखात चिखल कसला, हे आठ वर्षांच्या पोराच्या डोक्यात आलं नाही.

सकाळी वरची आजी हंडा घेऊन पऱ्यावर निघाली ती वईपाशी थांबली. थोरल्या दिराशी ती थेट बोलत नसे, तशी रीत नव्हती. मला जवळ बोलावून मोठ्यानं म्हणाली, ‘आजाला सांग, वय बरी घातलान. आता तुमची म्हस आमच्यात येयाची नाय.’ मी धावत जाऊन आजोबांना सांगितलं. ते दाढी करत होते. आरशातून हलले नाहीत.

दुपारी साहेब आले, साखळी टाकली, लिहून घेतलं. मला त्यांच्या छत्रीचं अप्रूप होतं. दोन वर्षांनी मी मुंबईला गेलो.

नंतरची एक गोष्ट वडिलांची. १९८३ साली बहिणीचं लग्न ठरलं आणि पैसा कमी पडला. बेट तेव्हा ऐन भरात होतं. घाटावरचा एक व्यापारी काठ्या न्यायला तयार होता, पण बांबूची वाहतूक करायला पास हवा. वडील एका कचेरीत गेले. तिथल्या माणसानं सांगितलं, बांबू हे झाड आहे. वडील म्हणाले, साहेब, गवत हाय ते. तो म्हणाला, कायद्यात झाड आहे. आणि होतंच. १९२७ च्या वन कायद्यात झाडाच्या व्याख्येत बांबूचं नाव घातलेलं होतं. आपल्या परड्यात आपल्या माणसानं लावलेलं गवत तोडून गाडीत भरायचं तर ते झाड म्हणून तपासलं जाणार. ते नाव काढायला २०१७ साल उजाडलं. मधल्या काळात, २००६ च्या वनहक्क कायद्यानं जंगलातल्या गावांसाठी बांबू गौण वनोपजात आला, आणि गडचिरोलीतल्या मेंढा गावच्या ग्रामसभेनं २०११ मध्ये आपल्या बांबूचे वाहतूक पास आपण देण्याचा हक्क प्रत्यक्ष मिळवला. ती बातमी मी मुंबईत वाचली तेव्हा वडिलांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

पासासाठी कागद लागले ते असे: सात-बारा, नकाशा, आणि बेट लगतच्या हद्दीवर असल्यामुळे शेजारच्या खातेदाराची हरकत नसल्याचा जबाब. शेजारची खातेदार वरची आजी. मी तेव्हा रजेवर गावी होतो. वडिलांच्या सोबत कागद घेऊन वर गेलो. ती ओटीवर कुळीथ पाखडत होती. वडिलांना पाहून सूप बाजूला ठेवलं. वडील उभेच. कागद मी वाचून दाखवला: बांबूचं बेट अर्जदाराच्या मालकीच्या हद्दीत असून माझी काही हरकत नाही. तिनं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, ‘पोरीच्या लग्नाला ना?’ वडील म्हणाले, ‘व्हय, काकी.’ ‘मग लाव शाई.’

अंगठा मी धरला होता. तिचा हात कुळथाच्या फोलांनी माखलेला होता, तो मी माझ्या धोतरपंचानं पुसला, मग शाई. कागदावर अंगठा नीट उठला नाही म्हणून दुसऱ्यांदा घ्यावा लागला.

लग्न झालं. वडिलांनी तिला लुगडं नेलं. आणि त्या वर्षापासून दर माघात वीस काठ्या वरच्या घरी पोचवायच्या हा नेम पडला. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, ‘द्यायच्या.’ वडिलांच्या माघारी मी तो नेम चालवला नाही. वरचं घर तोवर बंदच असायचं. आजी नव्वदच्या दशकात गेली, तिचा मुलगा मुंबईला, मग तोही गेला. काठ्या कोणाच्या दारात ठेवायच्या? असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

यंदा फाल्गुन लागता लागता मेढ्यांसाठी खड्डे मारायला घेतले. वाडीतला एक तरुण मदतीला होता. जुन्या ओळीतले मेढे हातानं उपटून आले, सगळे बुडाशी वाळवीनं खाल्लेले. ती जागा नुसती मातीची आहे. आमची ती वई दर पावसात कलायची याचं मला लहानपणापासून नवल वाटे. बाकी तीन बाजूंच्या वया जांभ्यात रोवलेल्या, त्या कधी हलत नसत. तो मुलगा म्हणाला, ‘इथं माती भुसभुशीत, पुन्हा पडनार. जरा अलीकडं घेऊया काय, तिथं कातल लागंल.’ म्हणून आमच्या अंगाला, बेटाच्या अलीकडे, फावड्यानं माती ओढून पाहिली. वीतभर खाली जांभा लागला. आणि त्या जांभ्यात एक गोल भोक.

भोकात मऊ माती आणि मुळं. हातानं माती काढली, कोपरापर्यंत हात गेला. आतल्या भिंतीवर पहारेचे टवके स्पष्ट. तो मुलगा म्हणाला, खेकड्याचं असंल. मी काही बोललो नाही. तीन हातांवर पुन्हा फावडं लावलं. दुसरं भोक. मग तीन-तीन हातांवर आम्ही उकरत गेलो. दुपारपर्यंत चौदा भोकं उघडी झाली, दोरी लावल्यासारखी सरळ. माझ्या आजोबांचं काम सरळच असे.

जांभ्यात पहारेनं भोक मारायला एका माणसाला अर्धा दिवस लागतो. चौदा भोकं म्हणजे आठवडा. हे एका रात्रीत झालेलं नव्हतं. हे आधीचं, कित्येक वर्षांचं होतं. रात्रीत झालं ते दुसरं, मातीतलं, जे दर पावसात कलत आलं. दोन ओळींमध्ये अंतर तीन हात आणि चार बोटं. मी दोनदा मोजलं. आणि त्या तीन हातांच्या पट्ट्यात, मूळ बुंध्यासकट, माणग्याचं बेट. आता ते दोन्हीकडे फुगलं आहे, पण ६२ साली पाच-सहा काठ्यांचं असणार. तेवढं त्या पट्ट्यात सहज मावत होतं.

मी भोकाशेजारी बसून राहिलो. मुलाला वाटलं मला ऊन लागलं, त्यानं पाणी आणून दिलं. कंदील, पातेरा, चिखल, म्हैस, लुगडं, वीस काठ्या, सगळं एकामागून एक आपापल्या जागी जाऊन बसायला लागलं, आणि मला ते थांबवता येईना. ‘कुंपणानंच शेत खाल्लं’ असं आपण म्हणतो ते राखणदाराबद्दल. आमच्या परड्यात ती म्हण अक्षरशः घडली होती, आणि उजेड मी दाखवला होता. पुढे अंगठाही मीच धरला होता.

आजोबांना न्यायला उभं करायला मी कोण? आयुष्यातली पहिली चाळीसेक वर्षं दुसऱ्याची वई आधी घालणारा माणूस. त्याला उभ्या जन्मात एकदाच कोणी विचारलं, तुझं कुठपर्यंत, आणि उत्तर द्यायला एक रात्र होती. हे सगळं मला समजतं. पण ज्याच्याकडून घेतलं तो खोत नव्हता. वाड्याची वई एक बोटही सरकली नाही. सरकली ती मोर्च्यात गेलेल्या भावाच्या विधवेकडे, जी थोरल्या दिराशी तोंड वर करून बोलूही शकत नव्हती. कोकणातल्या जमिनीचा इतिहास लिहिणारे खोत आणि कूळ यांच्यापाशी थांबतात. कुळाकुळातली वई कोणत्या दफ्तरात सापडणार?

सात-बारा माझ्या नावावर आहे. मोजणी मागवली तर मातीतलीच ओळ निघेल. भोकं पुन्हा बुजवली असती तर त्या मुलाखेरीज कोणाला कळणार नव्हतं, आणि त्याला तर ती खेकड्याची वाटत होती. हा विचार मी केला नाही असं नाही. दोन दिवस केला. त्या दोन दिवसांत काम बंद ठेवलं आणि मुलाला सांगितलं, पाठ धरली आहे.

शिमग्याला वरच्या घरचा नातू आला. पन्नाशीचा आहे, विरारला रिक्षा चालवतो, पालखी घरी येते म्हणून दर वर्षी घर उघडायला येतो. पालखी नाचून गेल्यावर, दुसऱ्या सकाळी, मी त्याला परड्यात नेला आणि भोकं दाखवली. सगळं सांगितलं, कंदिलापासून. अंगठ्याचंही. त्यानं मध्ये एकदाही तोडलं नाही. एका भोकात हात घालून पाहिला. मग बेटाकडे पाहिलं.

‘आजी शेवटी शेवटी बोलायची,’ तो म्हणाला. ‘काय ते आम्हाला समजायचं नाही. माणगा आमचा, माणगा आमचा. बाबा म्हणायचे, भ्रमलीय.’

मी म्हटलं, ‘भ्रमली नव्हती.’

‘हां.’ बराच वेळ तो काही बोलला नाही. ‘हे आम्हाला कागदावर नको आता, दादा. त्यात दोघांचे पैसे जातील. पण बाबांना हे ऐकायला मिळायला हवं होतं. त्यांनी तिला फार गप्प केलं.’

यावर माझ्याकडे काही नव्हतं. मी म्हटलं, यंदाच्या वीस काठ्या मी तोडून बसलोय, त्या तुझ्याच आहेत. तो म्हणाला, विरारला रिक्षातून नेऊ काय? मग हसला, पण पूर्ण नाही. उठून मेढ्यांच्या ढिगाकडे गेला, एक मेढा उचलून त्याचं बूड पाहिलं आणि पहिल्या भोकात सोडून पाहिला. जरा जाड होता. ‘कोयती आण,’ म्हणाला.

तीन दिवस तो राहिला. रिक्षाची पाळी बुडाली. मेढ्यांची बुडं मी तासून द्यायची, त्यानं डांबर लावायचं, मग भोकात उभा करून जांभ्याच्या चिपा ठोकायच्या. चौदा मेढे जुन्या भोकांत बसले. त्या मुलालाही तोवर सगळं कळलेलं होतं, पण तो त्याबद्दल बोलला नाही, फक्त चिवा देताना आतून-बाहेरून याची आठवण करत राहिला. पंधराव्या मेढ्याला भोक सापडेना. कोपऱ्यावरची ती जागा, पऱ्याच्या अंगाची, तिथे पूर्वी कळकाचं एक जाळं होतं आणि ते फुलून कधीच मरून गेलं. बहुधा वई तेव्हा त्यालाच टेकवलेली असेल. तिथे नवीन भोक मारावं लागलं. आम्ही दोघं आळीपाळीनं पहार चालवत होतो, तरी अर्धा दिवस लागला.